तिकीट आलं असतं तर

१८९२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यातल्या डनक्विन गावात, एका गरिबाच्या घरी तीन पुरुष आले. समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरचे. खिशातून बाटली निघाली, बोलणी सुरू झाली. घरातली अठरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बसली होती. मागणी आपल्यालाच आहे एवढं तिला कळलं होतं, पण तिघांतला नवरदेव कोणता ते कळत नव्हतं, कारण तिच्याशी कुणी अक्षरही बोललं नव्हतं. वडिलांनी येऊन विचारलं, जाशील का याच्याबरोबर बेटावर? ती हो म्हणाली. १३ फेब्रुवारीला लग्न लागलंसुद्धा.

ही मुलगी म्हणजे पेग सेअर्स. पुढे म्हातारपणी तिनं आपलं आयुष्य मुलाला तोंडी सांगितलं, त्यानं ते आयरिश भाषेत लिहून काढलं आणि १९३६ साली ‘पेग’ या नावानं ते छापलं गेलं. आयर्लंडच्या शाळांत कितीतरी वर्षं हे पुस्तक सक्तीनं शिकवलं जात होतं. मी कॉर्कला नर्स आहे. माझ्या वॉर्डातले साठी-सत्तरीचे पेशंट पेगचं नाव काढलं की अजून कपाळाला आठ्या घालतात, इतकं ते त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. मला मात्र ते पुस्तक वाचल्यापासून तो मागणीचा प्रसंग सोडत नाही. कारण त्याच्या मागच्याच पानांत दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती नीट वाचली नाही तर हा ‘हो’ कळतच नाही.

पेगला अमेरिकेला जायचं होतं. तिची जिवाभावाची मैत्रीण आधी गेली, आणि जाताना सांगून गेली की मी तिकडून तुझ्या तिकिटाचे पैसे पाठवीन. पेग त्या पैशांची वाट बघत होती. आलं ते पत्र. मैत्रिणीच्या हाताला दुखापत झाली होती, तिचंच काम थांबलं होतं, पैसे पाठवणं शक्य नव्हतं. पेग लहान वयातच दुसऱ्यांच्या घरी राबायला लागली होती. डिंगलला एका दुकानदाराच्या घरी तिचे दिवस बरे गेले, नंतरच्या शेतकऱ्याच्या घरी मात्र हाल झाले. तेव्हा मागणी आली त्या रात्री तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, लग्न किंवा पुन्हा चाकरी. चाकरीला ती विटली होती. पाठीशी एक माणूस असेल, स्वतःचं म्हणायला घर असेल, हा तिचा हिशोब. तिनं तो पुस्तकात काही न लपवता सांगितला आहे.

पेगच्या लग्नाच्या साधारण सहा आठवडे आधी, १ जानेवारी १८९२ ला, न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरचं नवं स्थलांतर केंद्र उघडलं. नोंदवहीत पहिलं नाव पडलं ते कॉर्कच्या ॲनी मूरचं. वय सतरा. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. आई-वडील आधीच न्यूयॉर्कला पोचले होते. ‘नेवाडा’ नावाच्या बोटीनं २० डिसेंबरला क्वीन्सटाउनहून निघून, बारा दिवस तळमजल्याच्या वर्गात काढून ही भावंडं पोचली. पहिली प्रवासी म्हणून केंद्राच्या प्रमुखानं ॲनीच्या हातावर दहा डॉलरचं सोन्याचं नाणं ठेवलं. क्वीन्सटाउनला आता कोव म्हणतात. कॉर्कहून लोकलनं अर्ध्या तासात जाता येतं, आणि जुन्या स्टेशनच्या इमारतीपाशीच ॲनी आणि तिच्या भावांचा पुतळा आहे. १८४८ ते १९५० या काळात साठ लाखांवर माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यांतली पंचवीस लाख या एका बंदरातून.

पेग आणि ॲनी साधारण एकाच वयाच्या. एकीचं तिकीट आलं, दुसरीचं आलं नाही. मला या दोघींच्या मधल्या बायकांविषयी लिहायचं आहे. ज्यांचं तिकीट आलं, ज्या गेल्या, कमावत्या झाल्या, आणि मग ज्यांच्यापुढे एक माणूस इकडे आणि एक तिकडे असा प्रश्न उभा राहिला.

कोल्म टोबिन यांच्या ‘ब्रुकलिन’ (२००९) या कादंबरीमुळे आणि २०१५ च्या त्यावरच्या चित्रपटामुळे हा प्रश्न पुष्कळांना माहीत आहे. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिसकॉर्थीची आयलीश लेसी १९५० च्या सुमारास ब्रुकलिनला जाते, दुकानात विक्रेती होते, रात्रीच्या वर्गात हिशेबलेखन शिकते. तिकडे टोनी नावाचा इटालियन प्लंबर, इकडे पबवाल्या घरचा जिम फॅरेल. चित्रपट संपल्यावर लोक भांडतात ते टोनी बरा की जिम बरा यावर. मला हे भांडण अपुरं वाटतं. त्या दोन पुरुषांच्या मागे लग्न जुळवण्याच्या दोन वेगळ्या रीती उभ्या आहेत, आणि त्यांतल्या एका रीतीला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती.

१८४५ च्या बटाट्याच्या रोगानं जो दुष्काळ पडला त्यात दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लागली. १८४१ च्या जनगणनेत ८१ लाखांवर असलेला देश १८५१ ला ६५ लाखांवर आला. त्याआधी बाप आपला जमिनीचा तुकडा मुलांत वाटून द्यायचा आणि पोरं विशीत लग्नं करायची. दुष्काळानं शेतकऱ्यांना एकच धडा शिकवला, जमिनीचे तुकडे पाडायचे नाहीत. सगळी शेती एका मुलाला, हुंडा एका मुलीला. बाकीच्यांनी आपापली वाट शोधायची, म्हणजे बोट पकडायची.

मग लग्न हा जमिनीचा व्यवहार झाला. त्याला ते ‘मॅच’ म्हणत. मध्यस्थ दोन्ही घरी खेटे घालायचा, पबमध्ये बैठक बसायची, घासाघीस व्हायची. मुलीकडची माणसं मुलाचं शिवार फिरून बघायची, गुरं मोजायची, गोठा बघायची. पटलं की वकिलाकडे जाऊन रीतसर याद्या व्हायच्या. या याद्यांत काय काय असे ते वाचून मी थक्क झाले. म्हातारा-म्हातारी घरातल्या पश्चिमेकडच्या खोलीत राहायला जातील. त्यांच्या एका गाईला चारा मिळेल. बटाट्याचे इतके वाफे त्यांचे. जळणाला पीट मिळेल. रविवारी चर्चला जाताना घोडागाडीत जागा मिळेल. सून घरात यायच्या आधीच सासूची गाडीतली जागा कागदावर ठरलेली! क्लेअर परगण्यातल्या या रीतीचा आरेन्सबर्ग आणि किंबॉल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९३० च्या दशकात तिथे राहून अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९४० ला आलं.

हुंडा म्हटल्यावर आपल्याला वाटेल की हे ओळखीचंच आहे. एक फरक लक्षात घ्यायला हवा. हुंड्याचे पैसे नवऱ्याच्या बापाकडे जात आणि पुष्कळदा त्यांतूनच नवऱ्याची बहीण उजवली जाई. ती गेली की तिच्या सासरी तेच पैसे तिच्या नणंदेसाठी. पंचक्रोशीत तीच रक्कम या घरातून त्या घरात फिरत राही. ज्या मुलीच्या वाट्याला ती येत नसे, तिचं गावात लग्न होणं जवळजवळ अशक्य. १९११ च्या जनगणनेत पंचेचाळीस ते चोपन्न वयाच्या आयरिश बायकांत दर चारांमागे एक अविवाहित होती.

आणि न जमलेल्या लग्नाची टवाळी काय होई! आपल्याकडे चातुर्मासात लग्नं लागत नाहीत तशी तिकडे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात लागत नसत. म्हणून सगळी घाई त्याआधीच्या आठवड्यांत. पेगचं लग्न फेब्रुवारीत उरकलं ते याच घाईत. उपवास सुरू झाला की पहिल्या रविवारी टवाळ पोरं अविवाहितांच्या पाठीवर खडूनं रेघा ओढायची, त्या दिवसाला नावच होतं खडूचा रविवार. कॉर्क आणि केरीत तर कहर होता. समुद्रातल्या स्केलिग खडकावरच्या मठात जुनं पंचांग चालतं आणि उपवास उशिरा लागतो असं मानत, तेव्हा ज्यांची लग्नं राहिली त्यांनी स्केलिगला जाऊन ती उरकावीत अशी थट्टा. अमकी तमक्याबरोबर स्केलिगला निघाली अशी बायका-पुरुषांची नावं गुंफून कवनं रचायची आणि छापून गावभर वाटायची. लोक याला गंमत म्हणून आठवतात. चाळिशीला आलेल्या, हुंड्याअभावी राहिलेल्या बाईचं नाव त्या कागदावर वाचताना तिच्या घरात काय होत असेल? मला यात गंमत दिसत नाही.

यातून सुटायची वाट म्हणजे बोट. युरोपातल्या इतर देशांतून मुख्यतः पुरुष गेले, किंवा कुटुंबं गेली. आयर्लंडमधून एकेकट्या मुली गेल्या. १८८५ ते १९२० या पस्तीस वर्षांत सुमारे सात लाख, बहुतेक तरुण आणि बिनलग्नाच्या. एका बहिणीनं जायचं, दुसरीचं तिकीट काढायचं, तिनं तिसरीचं. निघायच्या आदल्या रात्री घरात जागरण होई. मेलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसायची त्यांची रीत आहे, तीच या धडधाकट मुलीसाठी पाळायची. नाच, गाणी, पहाटे म्हाताऱ्या बायकांचा विलाप. परत येणार नाही हे सगळ्यांनी धरलेलंच असे. आणि मग नाताळच्या आधी अमेरिकेचं पत्र यायचं, आत पैसे. घरभाडं, दुकानदाराची उधारी, धाकटीचं तिकीट यातून भागायचं. मागे राहिलेला थोरला भाऊ त्या पैशांवर जमीन टिकवायचा आणि जमिनीचा मालक म्हणून मिरवायचा. पैसे पाठवणारीचं नाव सातबाऱ्यावर कुठे?

तिकडे या मुली मोलकरणी झाल्या. १९०० च्या सुमारास अमेरिकेत कमावणाऱ्या आयरिश बायकांत निम्म्याहून जास्त घरकामाला होत्या. मालकिणी त्या सगळ्यांनाच ब्रिजेट म्हणत, नाव काहीही असो. अपमान होताच. पण राहणं-खाणं मालकाकडे असल्यानं पगार हातात शिल्लक राही. न्यूयॉर्कच्या आयरिश मंडळींनी १८५० ला स्थलांतरितांसाठी एक बचत बँक काढली होती. तिथे मोलकरणींची स्वतःच्या नावाची खाती असत. खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँकेच्या वह्यांत गाव, बोट, आई-वडिलांची नावं टिपून ठेवत, आणि आज त्या वह्या इतिहासकारांना सोन्यासारख्या झाल्या आहेत. गावी बापाच्या नावावरही धड पैसा नव्हता, आणि तिकडे बावीस वर्षांच्या मुलीचं पासबुक.

या मुलींची वाट सोपी व्हावी म्हणून झिजलेल्या एका बाईचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शार्लट ग्रेस ओब्रायन. १८८१ ला तिनं बोटींच्या तळमजल्यावरच्या हालांबद्दल जाहीर लिहिलं, क्वीन्सटाउनला मुलींसाठी वसतिगृह चालवलं, आणि न्यूयॉर्कला उतरणाऱ्या मुलींसाठी तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंकडे पाठपुरावा केला. त्यातून मॅनहॅटनच्या टोकाला ७, स्टेट स्ट्रीट इथे जॉन रिऑर्डन या धर्मगुरूंच्या देखरेखीखाली आयरिश मुलींचं आश्रयस्थान उभं राहिलं. नातेवाईक येईपर्यंत मुलगी तिथे फुकट राहायची, नोकरीही तिथूनच लागायची. बंदरावरचे लोक नात्यात नसलेल्या पुरुषाच्या हवाली एकटी मुलगी करत नसत. न्यायला आलेला पुरुष वाग्दत्त वर आहे म्हणाला, तर आधी लग्न करा म्हणून सांगत.

आता परत येणाऱ्यांकडे वळू. संख्येनं थोड्या, पण होत्या. आठ-दहा वर्षं राबून साठवलेले पैसे घेऊन बाई गावी यायची आणि ते पैसे म्हणजेच तिचा हुंडा व्हायचा. बापानं जो दिला नव्हता तो तिनं स्वतः कमावलेला. एकदम तिची किंमत वाढायची. माझ्या वॉर्डातल्या एका नव्वदीच्या आजींनी आपल्या आईच्या मावशीची हकीकत मला सांगितली. मावशी बॉस्टनहून सुट्टीला आली. तिकडे ट्रामवर काम करणारा एक आयरिश गडी तिच्यासाठी थांबला होता. इकडे मध्यस्थानं वीस एकरवाला पन्नाशीचा घोडनवरा आणला. मावशी म्हणाली, शिवार मीच बघते. बापाऐवजी स्वतः गेली. जमीन चांगली निघाली, गाई चांगल्या निघाल्या. मग ती घरात शिरली. पश्चिमेकडच्या खोलीत म्हातारी बसली होती, तिनं विचारलं, पैसे किती आणलेस? मावशी चहा पिऊन बाहेर पडली आणि त्याच आठवड्यात परतीचं तिकीट काढलं. आजी हे सांगताना उठून बसल्या होत्या. त्यांच्या आईनं त्यांना हे शंभरदा सांगितलं होतं, आणि दर वेळी शेवटी एवढंच म्हणायची की तिला नाही म्हणता आलं, कारण पैसे तिच्या पर्समध्ये होते.

हे मला फार पटतं. मी सव्विसाव्या वर्षी इथे आले, आणि दुसऱ्याच वर्षी सांगलीहून आईचा फोन. मुलगा इचलकरंजीचा, घरचं चांगलं, देणंघेणं काही नाही, फक्त नोकरी सोडून ये. मुलगा खरोखरच चांगला होता, हे मी आजही म्हणते. मी नाही म्हणाले. माझ्या आत्यानं तिच्या काळी असंच नाही म्हणायचा प्रयत्न केला होता आणि तिला कुणी मोजलं नाही. मी आत्यापेक्षा धीट वगैरे काही नव्हते. माझा पगार दर महिन्याला माझ्या खात्यात जमा होत होता.

आयलीशची निवड यापुढची, आणि जास्त कठीण. ब्रुकलिनहून गावी यायला निघायच्या आधी ती टोनीशी गुपचूप नोंदणी लग्न करून आलेली असते. ज्या देशात ती परतली त्याच्या १९३७ च्या राज्यघटनेत घटस्फोटाला बंदी होती. ही बंदी १९९५ च्या सार्वमतानं उठली, तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकानं. सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. प्राथमिक शिक्षिकांवरचा हा नियम १९५८ ला गेला, सरकारी कचेऱ्यांतला १९७३ ला. म्हणजे जिमला हो म्हटलं असतं तर आधीचं लग्न लपवायचं, गावातली दुकानदारीण मिस केली कुठूनतरी बातमी काढून बसलेली, आणि उघड झालं तर कायद्यात मागे फिरायला जागा नाही. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत चार लाखांवर माणसं हा देश सोडून गेली, बहुतेक इंग्लंडला. मुली कितीतरी तिकडच्या इस्पितळांत नर्सिंग शिकायला गेल्या. १९६१ ला लोकसंख्या २८ लाखांवर आली, आजवरची सर्वांत कमी. त्याआधीच, १९४८ ला, सरकारनं स्थलांतरावर आयोग नेमला होता. मुली का जातात यावर मोठी चर्चा झाली. त्या मुलींच्या आयांना विचारलं असतं तर एका संध्याकाळी उत्तर मिळालं असतं.

अमेरिकेत सगळं गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. ॲनी मूरनं १८९५ ला जोसेफ शायर या जर्मन स्थलांतरितांच्या मुलाशी लग्न केलं. मध्यस्थ नाही, याद्या नाहीत. मॅनहॅटनच्या दाटीवाटीच्या वस्तीत तिचा जन्म गेला. अकरा मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. १९२४ ला वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती वारली, आणि २००८ पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. मधली कितीतरी वर्षं टेक्सासमधल्या दुसऱ्याच एका बाईला लोक ॲनी समजत होते.

पेगचा नवरा चांगला निघाला, हेही सांगायला हवं. ती त्याच्याविषयी मायेनं बोलते. तिचीही मुलं गेली, एक ऐन तारुण्यात कड्यावरून पडून गेला, आणि उरलेली एकेक करून अमेरिकेला. लिहून घेणारा मुलगा तेवढा परत आला. ब्लास्केटची माणसं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जाऊन वसली आणि बेट १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारनं रिकामं केलं. हे सगळं पेगनं सोसलं, म्हणून काही अभ्यासक म्हणतात, तिनं आपली वाट निवडली आणि निभावली. निभावली हे खरं. निवडली हे मला मान्य नाही. तिकीट हातात असताना तिनं बेटावरचा माणूस पत्करला असता, तर त्याला मी निवड म्हटलं असतं.

‘ब्रुकलिन’ पाहिला असेल तर ‘पेग’ वाचा. ब्रायन मॅकमहोन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळतं, आणि भाषा अवघड नाही. तिकिटाचं पत्र येतं ते प्रकरण आणि तीन पुरुष दारातून आत येतात ते प्रकरण, ही दोन्ही एका बैठकीत सलग वाचा, आणि मग टोनी बरा की जिम बरा यावर बोलू.